९८ टक्के, पण कशाचे? खेळाडू मुलींच्या रक्तातला ऑक्सिजन मोजताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की हा तर डॉक्टरांचा विषय, त्यात तत्त्वज्ञानाचा मास्तर काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. औषध सांगणं आमचं काम नाही, आणि ते आम्ही सांगणारही नाही. पण एखादा आकडा समोर ठेवला, तर तो काय सांगतो, कशाच्या आधारावर सांगतो आणि कुठे गप्प बसतो, हे तपासायचं काम तत्त्वज्ञान दोन हजार वर्षं करत आलंय. आज असाच एक आकडा घेऊ. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं की लाल अक्षरात दिसतो, तो. ९८.

घराघरात आलेलं यंत्र

२०२० च्या आधी ऑक्सिमीटर हा शब्द आपल्याकडे किती जणांना माहीत होता? दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत असायचं ते. मग करोना आला. त्या सप्टेंबरात राज्य सरकारनं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. आशाताई दारोदार आल्या, कपाळासमोर तापमापक धरलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत सहा मिनिटं चालण्याची चाचणी आली. आधी आकडा बघायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. ९३ च्या खाली आला, किंवा चालण्याआधीपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त उतरला, किंवा दम लागला, तर दवाखाना गाठायचा.

म्हणजे बघा, ‘व्यायाम करताना रक्तातला ऑक्सिजन मोजणे’ हा प्रकार परदेशातल्या प्रयोगशाळेतून ऐकायची आपल्याला गरज नाही. अख्ख्या महाराष्ट्रानं तो आपल्या ओसरीवर करून पाहिलाय.

करोना ओसरला, यंत्रं घरातच राहिली. आता ती मैदानावर आली आहेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे मैदानावर दिसतात. त्यांना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. खो-खोच्या, कबड्डीच्या मुली असतात. एखादी मुलगी दोन फेऱ्यांत गळून बसते. प्रशिक्षक काळजीनं तिच्या बोटाला यंत्र लावतात. ९८ येतं. मग काय म्हणतात? ‘काही झालं नाही तुला. ऑक्सिजन भरपूर आहे. ऊठ, आळस करू नको.’

या एका वाक्यासाठी आजचं व्याख्यान आहे. ९८ हा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असं नाही.

यंत्र बघत नाही, अनुमान करतं

हे यंत्र चालतं कसं? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचं लोहयुक्त द्रव्य असतं. ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि स्नायूंपाशी नेऊन सोडतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, सोडलेलं काळपट लाल. यंत्राच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एकाचा उजेड लाल, दुसऱ्याचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. दोन्ही उजेड बोटातून आरपार जातात. ऑक्सिजनवालं रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. बिनऑक्सिजनच्या रक्ताचं उलट. पलीकडे कोणता उजेड किती पोचला, यावरून यंत्र हिशेब मांडतं.

पण बोटात हाड आहे, मांस आहे, कातडी आहे, नख आहे. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? इथे ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याचं नाव घेतलं पाहिजे. निहोन कोहदेन या कंपनीत ते काम करत. हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं, ते मोजायच्या खटपटीत ते होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या मोजणीत सारखे व्यत्यय आणत होते. तो व्यत्यय काढून टाकता टाकता त्यांच्या ध्यानात आलं, की ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. हाड-मांस तर तसंच राहतं. जो अडथळा वाटत होता, त्यातच उत्तर होतं. १९७४ साली त्यांनी ही कल्पना जगासमोर मांडली. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, तेव्हा जगभर लोक त्यांच्या कल्पनेवर चालणारं यंत्र बोटाला लावून बसले होते.

आता आमच्या शास्त्राकडे या. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष हे एक, अनुमान हे दुसरं. डोंगरावर धूर दिसला, त्यावरून तिथे विस्तव आहे असं आपण म्हणतो. विस्तव डोळ्यांनी दिसलेला नाही. ‘जिथे धूर तिथे विस्तव’ हा नेमका संबंध आधी पक्का माहीत आहे, म्हणून म्हणता येतं. त्या संबंधाला व्याप्ती म्हणतात.

ऑक्सिमीटर ऑक्सिजन बघत नाही. तो उजेड बघतो आणि ऑक्सिजनचं अनुमान करतो. त्याची व्याप्ती कुठून आली? निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून आणि त्याच वेळी उजेडाचं माप घेऊन. त्या कोष्टकावर आपलं यंत्र चालतं. म्हणून ज्या परिस्थितीत ते कोष्टक तयार झालं, तिच्यापासून जितकं लांब जावं, तितका आकडा सैल होतो.

कुठे कुठे सैल होतो? बोट थंड असेल, तर नाडीच नीट सापडत नाही. नखाला गडद पॉलिश किंवा बोटाला दाट मेंदी असेल, तर उजेड अडू शकतो. हात हलत असेल, तर नाडीचा ठोका कुठला आणि हाताचा झटका कुठला, हे यंत्राला कळत नाही, आणि पळताना तर हात हलणारच. म्हणून प्रयोगशाळेत कपाळावर किंवा कानाच्या पाळीला संवेदक लावतात, आणि खात्रीचं माप हवं असेल तर धमनीतून रक्तच काढतात. कातडीच्या रंगाचाही परिणाम होतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की यंत्र ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आपण उन्हातान्हात राबणारी सावळी माणसं. हे आपणही लक्षात ठेवावं.

आणखी एक, आपल्या चुलीजवळचं. लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो ऑक्सिजनची जागा बळकावून हिमोग्लोबिनला चिकटतो. दोन दिव्यांच्या साध्या यंत्राला त्यातला फरक ओळखता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच दिसतं. पहाटे ओल्या सरपणाशी तासभर झगडून, भाकरी थापून जी पोर मैदानावर येते, तिच्या बोटावरचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल एवढंच म्हणू, की त्यांचे बहुतेक निर्माते स्वतःच सांगतात, हे माप वैद्यकीय उपयोगासाठी नाही.

पळताना रक्तात काय होतं?

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोरात पळणारी तयारीची खेळाडू शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकते. हृदयही रक्त जोरात ढकलतं. परिणाम असा, की फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना रक्ताला थांबायला वेळ कमी मिळतो. बसलेलं असताना साधारण पाऊण सेकंद मिळतो, जोराच्या व्यायामात तो जवळपास निम्म्यावर येतो. ऑक्सिजन भरून घ्यायला एरवी पाव सेकंद पुरतो. म्हणून बहुतेक माणसांचा आकडा पळतानाही फारसा ढळत नाही.

पण काहींचा ढळतो. १९८४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तम तयारीच्या धावपटूंवर प्रयोग केले. त्यातल्या काहींच्या धमनीतला ऑक्सिजन जोराच्या व्यायामात स्पष्ट खाली गेला. आजारी नव्हते, डोंगरावर नव्हते, तरी गेला. हृदय आणि स्नायू सरावानं इतके तयार झाले, की फुप्फुसं मागे पडली. याच विद्यापीठात क्रेग हार्म्स आणि सहकाऱ्यांनी मग स्त्रियांकडे लक्ष दिलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २९ निरोगी तरुणी होत्या. त्यातल्या २२ जणींच्या धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब व्यायामात ठळक उतरला, आणि त्या सगळ्या काही अव्वल खेळाडू नव्हत्या.

असं का व्हावं? एक कारण रचनेत आहे. सारख्या उंचीचे स्त्री-पुरुष घेतले, तर स्त्रीची फुप्फुसं सरासरीनं लहान असतात आणि श्वासनलिका अरुंद असतात. जोरात पळताना तेवढ्याच हवेसाठी तिला श्वासाचे कष्ट जास्त पडतात. नंतरच्या काही अभ्यासांत स्त्री-पुरुषांत एवढा फरक आढळला नाही, त्यामुळे प्रमाण किती यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण निरोगी मुलीचा आकडा जोराच्या व्यायामात खाली येऊ शकतो, याबद्दल वाद नाही. जाणकार ९३ ते ९५ ला सौम्य घट म्हणतात, ८८ ते ९३ ला मध्यम, आणि ८८ च्या खाली तीव्र.

यातही सगळी घट वाईट नसते. पळताना अंग तापतं, रक्त आम्लधर्मी होतं. अशा रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवरची पकड सैल करतं, म्हणजे स्नायूंना तो सहज देऊन टाकतं. ही गोष्ट ओळखणाऱ्यांत क्रिस्टियान बोर हे डॅनिश शास्त्रज्ञ होते, अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे वडील. टक्का किंचित उतरला, त्यातला काही भाग या सैल पकडीचाही असतो.

आता मैदानावरचा प्रशिक्षक काय करतो? शर्यत संपल्यावर, मुलगी खाली बसल्यावर, यंत्र शोधून लावतो. तोवर मिनिट-दोन मिनिटं गेलेली असतात. निरोगी मुलीचा टक्का एवढ्या वेळात बहुधा पूर्ववत झालेला असतो. म्हणजे चोर पळून गेल्यावर वाड्याची झडती घेण्यासारखं झालं. तेव्हाचा ९८ हा ‘पळताना काय झालं’ याचा साक्षीदारच नाही.

टक्का कशाचा?

आता मूळ मुद्दा. टक्का म्हटला की पहिला प्रश्न विचारायचा, कशाचा टक्का? परीक्षेत ९८ टक्के म्हणजे शंभरपैकी ९८. मग ऑक्सिमीटरचे ९८ कशापैकी?

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. उसाचा हंगाम आहे. कारखान्याच्या काट्यावर टायरगाड्या लागल्या आहेत. दारावर एक माणूस उभा आहे आणि त्याला एकच काम दिलंय: किती टक्के गाड्या भरलेल्या आल्या, ते लिहायचं. संध्याकाळी तो सांगतो, ९८ टक्के गाड्या भरलेल्या होत्या. कारखाना खूश! पण आल्या किती? काल पाचशे आल्या होत्या आणि आज तीनशेच आल्या असतील, तर गव्हाणीत ऊस कमी पडणार आणि कारखाना मंदावणार. दारावरचा माणूस खोटं बोलला नाही. त्याला गाड्या मोजायला सांगितलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन म्हणजे त्या गाड्या. ऑक्सिमीटर फक्त गाड्या किती टक्के भरल्यात ते सांगतो. गाड्या किती आहेत, हे त्याला विचारताच येत नाही.

थोडा हिशेब करू, अवघड नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं, तर सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. एका मुलीचं हिमोग्लोबिन १३ आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम. जोरात पळताना तिचा टक्का ९२ वर आलाय. १३ गुणिले १.३४ गुणिले ०.९२, उत्तर साधारण १६ मिलिलिटर. दुसरीचं हिमोग्लोबिन ८ आहे आणि टक्का ९८. ८ गुणिले १.३४ गुणिले ०.९८, उत्तर साडेदहा. जिचा आकडा बघून सगळे घाबरले, तिच्या रक्तात दुसरीच्या दीडपट ऑक्सिजन आहे. आणि जिला ‘आळस करू नको’ म्हणून उठवलं, ती पोर दोन-तृतीयांश शिदोरीवर पळते आहे.

न्यायशास्त्रात या चुकीला नाव आहे. ‘धूर आहे म्हणून विस्तव आहे’ हे चालतं. ‘विस्तव आहे म्हणून धूर असणारच’ हे चालत नाही, कारण त्याला मधली एक अट लागते: सरपण ओलं असलं पाहिजे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘टक्का चांगला आहे म्हणून ऑक्सिजन भरपूर आहे’ हे विधानही तसंच उपाधीचं आहे. त्यातली लपलेली अट अशी: हिमोग्लोबिन पुरेसं असलं पाहिजे.

ही अट आपल्याकडे किती मुलींना लागू पडते? २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. देशभरात स्त्रियांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये २५. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. म्हणजे मैदानावर दहा मुली उभ्या असतील, तर सरासरीनं पाच-सहा जणींच्या बाबतीत ती लपलेली अट पुरी होत नाही, आणि यंत्र दहाही जणींना ९८ देऊन मोकळं होतं.

आपल्या आया-आज्या काय म्हणायच्या? ‘पोरीच्या अंगात रक्त नाही.’ टक्का त्यांना माहीत नव्हता. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. त्यांनी गाड्या मोजल्या होत्या.

गाड्या कमी का पडतात?

दर महिन्याच्या पाळीत रक्ताबरोबर लोह जातं. खेळाडू मुलीचं आणखी थोडं जास्त जातं, घामातून आणि पाय आपटून फुटणाऱ्या रक्तपेशींमधून. त्यात भर अशी, की जोराच्या व्यायामानंतर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत यायची वाट अडवतं. एवढं सगळं जिच्याबाबत घडतं, तिच्या ताटात काय असतं? भाकरी, थोडं कालवण आणि वर चहा. चहातली द्रव्यं जेवणातलं लोह धरून ठेवतात.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात. काही मुली आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मार्च-एप्रिलपर्यंत घरचं ताट मोडलेलं असतं. जी बाई पहाटे चारला उठून मोळ्या वाहते, तिची परिस्थिती खेळाडूपेक्षा वेगळी नाही, फक्त तिला पदक नाही. श्रीलंकेत १९७० च्या दशकात चहाच्या मळ्यांतल्या कामगार स्त्रियांवर अभ्यास झाले. जिचं हिमोग्लोबिन जितकं कमी, ती सरकत्या पट्ट्यावर तितकी लवकर थकली. लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांची चहाची खुडणी वाढली. त्या बायका आळशी नव्हत्या, हे तिथे वजनकाट्यावर सिद्ध झालं.

शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे खो-खोमध्ये भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरी दिवसातून एकच वेळ जेवण मिळे आणि शिबिरात बरं खायला मिळायचं, हे त्यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. दुष्काळी मातीतून या मुली निघतात. निघायच्या आधीच किती जणी ‘आळशी’ ठरून मैदानावरून घरी गेल्या, त्याची नोंद कुठेच नाही.

मग करायचं काय?

ऑक्सिमीटर फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. त्याला त्याच्या कामापुरतं विचारा. स्वस्थ बसलेलं असताना, बोट कोमट असताना, मेंदी-पॉलिश नसलेल्या बोटावर, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबून बघा. बसल्या जागी पुन्हा पुन्हा ९५ च्या खाली येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर तर्क लढवू नका, यंत्राची चूकच तेवढी असते.

त्याच यंत्रावर दुसरा आकडा असतो, तिकडे कुणी बघत नाही. नाडीचा. गाड्या कमी पडल्या की हृदय त्याच गाड्यांच्या फेऱ्या वाढवतं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. दर आठवड्याला ठरलेलं अंतर ठरलेल्या वेगानं पळून, थांबल्याबरोबर नाडी लिहायची. तेवढ्याच पळण्याला गेल्या महिन्यापेक्षा नाडी जास्त लागत असेल, तर काहीतरी बिघडतंय. ताप, जागरण, ऊन यांनीही नाडी वाढते, म्हणून ही खूण आहे, पुरावा नव्हे.

पुरावा रक्ताच्या तपासणीत. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये, वर्षातून दोनदा, प्रत्येक खेळाडू मुलीचं हिमोग्लोबिन तपासलं गेलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे लागत नाहीत. डॉक्टरांना गरज वाटली, तर ते फेरिटिन म्हणजे लोहाचा साठाही तपासायला सांगतील, कारण हिमोग्लोबिन उतरायच्या आधी कोठार रिकामं झालेलं असतं.

आणि शेवटचं, प्रशिक्षकांसाठी. ही तपासणी मुलीला संघातून काढायला वापरू नका. हिमोग्लोबिन ९ आलं म्हणून ती नालायक ठरत नाही, ती उपचाराला पात्र ठरते. काढून टाकाल, तर पुढची मुलगी तपासायला बोटच पुढे करणार नाही.

प्रश्नोत्तरे

*एक प्रशिक्षक: सर, पळून आल्यावर मुलीचं ९१ आलं, तर तिचं पळणं बंद करायचं का?*

आधी हात स्थिर करून, बोट पुसून पुन्हा बघा. मिनिट-दोन मिनिटांत वर आलं आणि ती नीट बोलते आहे, तर त्या दिवशी विश्रांती द्या आणि नोंद ठेवा. पुन्हा पुन्हा तसं होत असेल, तर दमा किंवा हृदयाचं काही आहे का, ते डॉक्टर बघतील. पण छातीत दुखतंय, चक्कर येते, ओठ निळे पडलेत, बसल्यावरही श्वास आवरत नाही, यातलं काही दिसलं, तर यंत्रावर ९८ असलं तरी दवाखाना. लक्षण आणि आकडा यांचं भांडण झालं, तर लक्षणाचं ऐकायचं.

*एक पालक: पाळीच्या दिवसांत मुलीनं पळावं का?*

मावशी, तिला बरं वाटत असेल तर खुशाल पळावं. पळण्यानं रक्त कमी होत नाही त्या दिवसांत. पण पाळी सात दिवसांच्या पुढे जाते का, फार जास्त जातं का, हे तुम्ही तिला विचारत जा. ती आपण होऊन सांगणार नाही. आणि उलट बाजूही बघा. खाणं कमी आणि सराव जास्त असं झालं, तर पाळी लांबते किंवा बंद पडते. ‘कटकट गेली’ म्हणून काही मुली खूश होतात. ती आनंदाची गोष्ट नाही, शरीर उपाशी असल्याची ती खूण आहे.

*एक विद्यार्थिनी: सर, शाळेत सोमवारी निळी गोळी देतात. ती खाल्ली की मळमळतं. सगळ्या मुली फेकून देतात.*

बाळ, खरं बोललीस, बरं केलंस. ती लोहाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी, आठवड्यातून एकच असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घे, आणि तासभर चहा पिऊ नको. जेवणात लिंबू पिळ, किंवा आवळा, पेरू खा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं कारण नाही. तरीही त्रास झाला, तर फेकू नको, बाईंना सांग. डॉक्टर वेळ किंवा गोळी बदलून देतील. आणि रक्त फारच कमी निघालं, तर आठवड्याला एक गोळी पुरत नाही, डॉक्टर रोजची देतात. ती बरं वाटल्यावर लगेच सोडायची नाही, काही महिने घ्यायची, कारण कोठार भरायला वेळ लागतो. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर कारण दुसरं असू शकतं, पुन्हा दाखवायचं.

तू पळतेस ना? मग तुझा आकडा काय, असं कुणी विचारलं, तर ९८ सांगून थांबू नको. हिमोग्लोबिन किती, तेही सांग. माहीत नसेल, तर या आठवड्यात बघून घे.